जाळीचा जमाखर्च



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात जाळीकामाची एखादी तरी वस्तू असते. देव्हाऱ्याची महिरप, दारावरची नावाची पाटी, किल्ल्या अडकविण्याची फळी, नाही तर भिंतीवरील घड्याळाची चौकट. अशी वस्तू विकत घेताना आपल्या तोंडून एक प्रश्न हमखास बाहेर पडतो, "एवढ्याशा लाकडाचे एवढे पैसे?" प्रश्न व्यापाऱ्याला शोभणारा आहे आणि वरवर पाहता बिनतोडही आहे. धान्याचे मोल वजनावर ठरते, कापडाचे मापावर ठरते. मग लाकडाचे मोल लाकडावर का ठरू नये?

जाळीकामात मात्र ही रीत उलटी पडते. तेथे लाकूड जितके कमी उरते तितकी वस्तू महाग होते, कारण आपण पैसे देतो ते उरलेल्या लाकडाचे नव्हे, तर काढून टाकलेल्या लाकडाचे. हा उलटा जमाखर्च या लेखात मांडावयाचा आहे. तो नीट समजण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एक लहानशी जाळी स्वतःच्या हाताने कापून पाहणे. त्यासाठी लागणारे यंत्र आता घरगुती स्वरूपात मिळते आणि ते शिकण्यास सुताराच्या घरी जन्म घ्यावा लागत नाही.

यंत्राची ओळख

या यंत्रास स्क्रोल सॉ म्हणतात. शिवणयंत्राची सुई एका जागी वरखाली होते आणि कापड आपण फिरवितो. तद्वत येथे पाते एका जागी वरखाली होते आणि लाकूड आपण फिरवितो. पाते सुमारे ५ इंच लांब व अतिशय अरुंद असते. त्याची दोन्ही टोके वरच्या व खालच्या बाहूत घट्ट धरलेली असतात. बहुतेक दाते खाली वळलेले असल्याने ते खाली येताना कापते. घरगुती यंत्रांत पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर बहुधा १६ इंच असते आणि वेग मिनिटाला सुमारे ४०० पासून १६०० फेऱ्यांपर्यंत कमीजास्त करता येतो.

परंतु या यंत्राचे खरे वैशिष्ट्य वेगात नाही. त्याचे पाते एका टोकाकडून सोडविता येते. फळीच्या मधोमध बारीक छिद्र पाडावे, सुटलेले पाते त्यातून ओवावे, पुन्हा ताणावे आणि फळीच्या कडेला धक्का न लावता आतील आकार कापून काढावा. मग पुन्हा पाते सोडवावे आणि पुढच्या छिद्रात ओवावे. जाळीतील प्रत्येक पोकळीमागे ही एवढी क्रिया असते. विजेच्या यंत्राआधी हेच काम लांब नालेच्या आकाराच्या चौकटीत ताणलेल्या पात्याने, म्हणजे हाताच्या फ्रेट सॉने होत असे आणि आजही होते. जुन्या पिढीतील काही वाचकांनी हस्तव्यवसायाच्या तासाला फ्रेटवर्क केलेही असेल.

या कलेने व्यापारही घडविला

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये आंद्रे-शार्ल बुल हा राजदरबाराचा कारागीर होता. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पातळ थर एकावर एक ठेवून तो दोन्ही एकदम कापी. पितळेची नक्षी कवचाच्या पोकळीत बसे, आणि कवचाची नक्षी पितळेच्या पोकळीत. एका कापणीत दोन वस्तूंची सजावट तयार होई, एकीचे रंग दुसरीच्या नेमके उलट. मोलाचे साहित्य वाया जाऊ न देण्याची ही युक्ती इतकी रुजली की त्या कामाला आजही बुलचेच नाव आहे. त्यातील कवच मात्र एका जिवाचे होते. आज कासवाच्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

पुढे १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्याने नकाशा लाकडी फळीवर चिकटविला आणि देशांच्या सीमारेषांवरून कापून त्याचे तुकडे केले. मुलांनी ते जुळवीत भूगोल शिकावा, हा हेतू. आज घरोघरी मुले जे तुकडे जुळविण्याचे कोडे खेळतात, त्याचा उगम हा. १८९५ मध्ये इंग्लंडात 'हॉबीज' नावाचे साप्ताहिक निघाले. वाचकांना त्यासोबत फ्रेटवर्कचे नमुने मिळत आणि लागणारी करवत, पाती व लाकूड त्याच संस्थेकडून विकत घेता येई. नमुना हाती द्यावा आणि साहित्याचा व्यापार करावा, ही योजना आपल्या वाचकांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात म्हैसूरचे शिसवी जडावकाम प्रसिद्ध आहे. तेथे बारीक पात्याच्या करवतीने निरनिराळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे कापून ते शिसवीच्या फळीत बसवितात. पूर्वी या कामात हस्तिदंत वापरीत. त्याच्या व्यापारावर बंदी आल्यावर कारागिरांनी लाकडाचे नैसर्गिक रंग आणि प्लास्टिक यांवर काम चालविले, आणि कला टिकली.

पहिली पाटी

नवशिक्याने आरंभ नावाच्या पाटीपासून करावा. देवनागरी लिपी या कामास फार अनुकूल आहे. रोमन लिपीतील अक्षरे सुटी असतात. त्यांना जोडण्यासाठी खाली निराळी पट्टी द्यावी लागते. आपल्या लिपीत शिरोरेखा हीच ती पट्टी होय. सारा शब्द तिला लोंबकळत असतो, म्हणून अक्षरे राखून भोवतालचे लाकूड काढले तरी शब्द एकसंध निघतो. मात्र तीन ठिकाणी सावध राहावे. अनुस्वाराचा टिंब आणि विसर्गाची टिंबे कशालाच जोडलेली नसतात. आराखड्यातच त्यांना अक्षराशी टेकवून घ्यावे, अन्यथा ती भुशात पडतील. 'ग', 'ण', 'श' यांचे दोन भाग केवळ शिरोरेखेने धरलेले असतात, म्हणून शिरोरेखा जरा जाड ठेवावी. आणि अक्षरे राखण्याऐवजी कापून काढावयाची असतील, तर 'व', 'ब', 'प' यांच्या पोटातील तुकडा सुटून येतो. त्याला धरून ठेवणारा लहान दुवा आधीच आखावा लागतो.

लाकूड म्हणून ६ मिलिमीटर जाडीचा चांगला प्लायवूड घ्यावा. अखंड फळीत तंतू एकाच दिशेने धावतात. ते आडवे असतील तर शिरोरेखा मजबूत होते, पण अक्षरांचे उभे दंड तंतूंना आडवे पडतात आणि चटकन मोडतात. प्लायवूडचे थर एकाआड एक उलट दिशेचे असल्याने तो दोन्हीकडून सारखा टिकतो. हात बसल्यावर शिवणीसारख्या हलक्या लाकडाकडे वळावे. सागवान देखणे खरे, परंतु त्यातील सिलिकामुळे पाती लवकर बोथट होतात.

फळीवर प्रथम कागदी चिकटपट्टी लावावी आणि तिच्यावर आराखड्याचा कागद डिंकाने चिकटवावा. म्हणजे काम झाल्यावर कागद अलगद निघतो. नंतर प्रत्येक पोकळीत एक छिद्र पाडावे. यंत्राचे पाते टेबलाशी काटकोनात आहे की नाही, हे पाहण्याची सोपी परीक्षा आहे. जाड ठोकळ्यात जराशी खाच कापावी, ठोकळा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूस आणावा. पाते त्या खाचेत सरळ शिरले तर टेबल बरोबर आहे. पात्याचा ताण कानाने ओळखता येतो. बोटाने छेडले असता तारेसारखा स्वच्छ नाद यावा; भसाडा आवाज आला तर ताण कमी आहे असे समजावे.

कापण्याचा क्रम ठरलेला आहे. आतील पोकळ्या आधी, बाहेरील कड सर्वांत शेवटी. बाहेरची रुंद फळी शिल्लक असते तोवर हाताला धरावयास जागा असते आणि नाजूक भागाला आधार असतो. दुसरा नियम असा की लाकूड पात्यावर रेटू नये. रेटले की पाते मागे वाकते, कड तिरपी होते, लाकूड करपते आणि अखेरीस पाते तुटते. पात्याने कापावे आणि हाताने केवळ वाट दाखवावी. शिवाय बहुतेक पात्यांना घडणीतच एका बाजूला बारीकशी धार अधिक असते, त्यामुळे ती किंचित कडेला ओढतात. समोरून सरळ न ढकलता लाकूड थोडे कलते धरले की पाते रेषेवर राहते. ही सवय दोनतीन दिवसांत लागते.

आता हिशेब

हात बसलेल्या कारागिराची एक फूट लांब व एक फूट रुंद जाळी घेऊ. समजा, तिच्यात ९६ पोकळ्या आहेत. पाते सोडविणे, ओवणे व ताणणे यास प्रत्येक वेळी एक मिनिट धरले तर ९६ मिनिटे होतात. प्रत्येक पोकळी कापण्यास सरासरी दोन मिनिटे, म्हणजे १९२ मिनिटे. नमुना चिकटवून छिद्रे पाडण्यास ४५, बारीक कानस व पॉलिश पेपर फिरविण्यास ७५ आणि तेलाचे हात देण्यास ३० मिनिटे. एकूण ४३८ मिनिटे, अर्थात सव्वासात तासांहून थोडा अधिक वेळ. दुपारचे जेवण व चहा धरला की कारागिराचा पुरा दिवस झाला.

कठीण लाकडात बारीक पाते वीसएक मिनिटांच्या कापणीत बोथट होते, म्हणजे या एका जाळीला दहा पाती लागतील. आता रुपये मांडू. दिवसाची मजुरी १,००० रुपये, लाकूड २५०, दहा पाती प्रत्येकी २५ प्रमाणे २५०, आणि तेल, कागद, डिंक मिळून १०० रुपये धरले तर खर्च १,६०० होतो. दहा जाळ्यांतील एक अखेरच्या क्षणी मोडली, तर तिचा भार उरलेल्या नऊ जाळ्यांवर पडतो आणि एका जाळीचा खर्च सुमारे १,७८० रुपयांवर जातो. जागेचे भाडे, वीज, यंत्राची घसारा-रक्कम आणि कारागिराचा नफा यांचा यात समावेश नाही. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत. प्रमाण फारसे बदलणार नाही. या हिशेबात लाकडाचा वाटा जेमतेम सातवा हिस्सा आहे. आपण मात्र घासाघीस करतो ती त्या सातव्या हिश्शाकडे बोट दाखवून.

अशा घासाघिशीचा परिणाम काय होतो, हेही पाहिले पाहिजे. लाकूड व पाती यांचे दर कारागिराच्या हाती नसतात. त्याच्या हाती असतात त्या पोकळ्या. भाव पाडला की तो ९६ च्या जागी ६० पोकळ्यांचा नमुना घेतो. वेलीची पाने कमी होतात, नाजूक देठ जाड होतात, कड घासण्याचा वेळ निम्म्यावर येतो. दोनचार वर्षांनी आपणच म्हणतो की पूर्वीसारखे काम आता होत नाही. ते का होत नाही, याची नोंद आपल्याच खरेदीच्या वहीत असते.

खर्च कमी करण्याचा न्याय्य उपायही आहे, आणि तो बुलच्याच मार्गाने जातो. तीन मिलिमीटरचे चार प्लाय एकावर एक घट्ट बांधून एकदम कापावेत. छिद्रे व ओवणी एकदाच होतात. जाडीमुळे कापण्यास दुप्पट वेळ लागला, तरी वरच्याच हिशेबाने एका जाळीमागचा वेळ ४३८ मिनिटांवरून सुमारे २३६ मिनिटांवर येतो. ज्या व्यापाऱ्याला स्वस्त माल हवा असेल, त्याने कारागिराला चारांच्या पटीत मागणी द्यावी. यात दोघांचेही हित आहे.

साहित्यातील विवेक

आपल्या घरांत ज्या गोष्टी कटाक्षाने पाहिल्या जातात, त्यांपैकी काही या कामात नकळत शिरतात. सुतारकामातील पारंपरिक सरस हा जनावरांच्या कातडी व हाडांपासून बनतो. स्पिरिट पॉलिशमधील चपडा ही लाखेच्या किड्यांनी स्रवलेली राळ असते, आणि झाडाच्या फांद्यांवरून लाख खरवडताना त्या किड्यांचा नाश होतो. पॉलिशच्या अनेक मेणांत मधमाश्यांचे मेण असते. या तिन्हींना पर्याय आहेत. सरसाच्या जागी पांढरा कृत्रिम डिंक, चपड्याच्या जागी अळशीचे म्हणजेच जवसाचे तेल आणि मधमाश्यांच्या मेणाच्या जागी ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कारनौबा मेण. देव्हाऱ्यासाठी महिरप बनवून घेताना कारागिराला हे आधीच सांगावे. वस्तू तयार झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

अळशीच्या तेलाविषयी एक गंभीर सूचना आहे. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपताच चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मगच टाकाव्यात. ज्यांचे दुकान व गोदाम एकाच इमारतीत आहे, त्यांनी तर हे विसरूच नये.

लाकडाची धूळही निरुपद्रवी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगकारक पदार्थांत गणली आहे. मुखपट्टी व चष्मा लावूनच काम करावे. सैल बाह्या, ओढणी व मोकळे केस यंत्रापासून दूर ठेवावेत. बोटे पात्याच्या थेट समोर न ठेवता बाजूला ठेवावीत. मुलांना हे काम अवश्य शिकवावे, परंतु वडीलधारे माणूस शेजारी बसलेले असेल तेव्हाच.

लेसरचे नाव लेसरच

आज बाजारात 'शुभ-लाभ'च्या पाट्या आणि तोरणे ढिगांनी मिळतात. त्यांतील बहुतांश एमडीएफच्या फळीवर लेसरने कापलेल्या असतात. लाकडाचे बारीक तंतू व कृत्रिम राळ दाबून एमडीएफ बनवितात. लेसरचे काम वाईट नव्हे. ते वेगवान आहे, अचूक आहे आणि सामान्य ग्राहकाच्या खिशाला परवडते. आक्षेप एवढाच की ते 'हस्तकला' म्हणून विकले जाऊ नये. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. लेसर लाकूड जाळून कापतो, म्हणून कड तपकिरी वा काळी आणि सर्वत्र एकसारखी दिसते. संगणकावर चालणाऱ्या फिरत्या हत्याराने कापलेल्या जाळीत आतील कोपरे हत्याराच्या जाडीइतके गोल राहतात. करवतीच्या कामात कड लाकडाच्याच रंगाची असते, तिच्यावर उभ्या बारीक रेषा दिसतात, आतील कोपरे टोकदार असतात आणि दोन पाने तंतोतंत सारखी नसतात.

दुकानदार वाचकांनी दोन्ही माल जरूर ठेवावा. मात्र दोन फळ्यांवर, दोन नावांनी आणि दोन भावांनी. ग्राहकाने फरक विचारला तर वरील खुणा त्याच्या हाती वस्तू देऊन दाखवाव्यात. ज्याला फरक कळतो तो योग्य भाव देण्यास सहसा कचरत नाही.

आणि ज्या घरी एखादे निवृत्त वडीलधारे, सुटीत घरी आलेला मुलगा वा फुरसत मिळालेली सून हे काम हाती घेईल, तेथे एक पथ्य पाळावे. पहिली पाटी पूर्ण झाली की तिच्या मागच्या बाजूस पेन्सिलीने तीन आकडे लिहावेत. पोकळ्या किती, पाती किती लागली आणि तास किती गेले. नवशिक्याला कारागिराच्या तिप्पट वेळ लागेल. त्यात संकोच नको. पाटी दारावर लावावी आणि ते आकडे वहीत उतरवून ठेवावेत. पुढच्या प्रदर्शनात जाळीसमोर उभे राहाल तेव्हा भाव विचारण्याआधी पोकळ्या मोजाव्यात.